कुठला हात फोल्ड होणार आहे?

पोकरमध्ये चिप्स सगळ्यात जास्त कशात जातात असं विचारलं तर बहुतेक जण फसलेल्या ब्लफची (हात कमजोर असताना दाखवलेला जोर) गोष्ट सांगतील, नाहीतर एक्का-राजा घेऊन हरलेल्या एखाद्या मोठ्या पॉटची (टेबलाच्या मधोमध जमलेल्या चिप्स). पण टेबलावर बसून इतकी वर्षं जे बघत आलेय त्यावरून मला वाटतं की खरी गळती असते ती ड्रॉमधून, म्हणजे अजून एखादा पत्ता आला तरच पुरा होणाऱ्या हातातून. हातात दोन इस्पिक, फ्लॉपवर (टेबलावर उघडे पडणारे पहिले तीन सामाईक पत्ते) दोन इस्पिक, आता एक आला की फ्लश (एकाच जातीचे पाच पत्ते), मग काय, समोरच्याने बेट (चिप्सची पैज) लावली की कॉल (तेवढ्याच चिप्स घालून टिकून राहायचं), टर्नला (चौथा सामाईक पत्ता) परत बेट परत कॉल, आणि रिव्हरला (पाचवा, शेवटचा) लाल पत्ता पडला की पत्ते गुपचूप पुढे सरकवायचे, म्हणजे फोल्ड. कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण यात नाट्य काहीच नसतं, आणि ज्याच्या चिप्स जातात त्यालासुद्धा वाटतं की आज नशीब नव्हतं बस.

नशिबाचा भाग तसा सरळ आहे. फ्लश ड्रॉला 9 आउट्स (हात पुरा करणारे पत्ते), न दिसलेले पत्ते 47, म्हणजे पुढच्याच पत्त्यावर फ्लश लागायची शक्यता 19 टक्के, आणि टर्न-रिव्हर दोन्ही बघायला मिळाले तर 35 टक्के. दोन्ही बाजूंनी उघडा स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) ड्रॉ असेल तर 8 आउट्स, दोन पत्त्यांत साडेएकतीस टक्के. मधला एकच पत्ता हवा असलेला गटशॉट म्हणजे 4 आउट्स, साडेसोळा टक्के. टेबलावर हिशोब करायचा तर आउट्स गुणिले 2 एका पत्त्यासाठी आणि गुणिले 4 दोन पत्त्यांसाठी, एवढं पुरतं. आता या आकड्यांकडे नीट बघा, यातला एकही 50 च्या वर नाहीये, म्हणजे नुसतं पत्ता येण्यावर भिस्त ठेवली तर तीनातल्या दोन वेळा तुम्ही हरणारच आहात, आणि ज्या एका वेळी जिंकाल त्या वेळी बोर्डवर तीन इस्पिक सगळ्यांना दिसत असतात, समोरचा आंधळा नाहीये, तो पैसे देणं बंद करतो. स्ट्रेटचं तसं होत नाही, तो जरा लपलेला असतो, म्हणून 8 आउट्सचा स्ट्रेट ड्रॉ कित्येकदा 9 आउट्सच्या फ्लश ड्रॉपेक्षा जास्त मिळवून देतो. हे लोक फारसं बोलत नाहीत पण मला महत्त्वाचं वाटतं.

मग ड्रॉ घेऊन आपणच बेट लावायची, आपणच रेझ मारायचा (समोरच्याची बेट वाढवायची), हे कुठून आलं? याला सेमी-ब्लफ हे नाव दिलं पोकरवर पुस्तकं लिहिणाऱ्या डेव्हिड स्क्लान्स्कीने. म्हणजे आत्ता या क्षणी आपला हात बहुतेक मागे आहे, पण कॉल आलाच तर पुढे जाऊ शकतो. जिंकायचे दोन रस्ते झाले, एक तर समोरचा सोडेल, नाहीतर पत्ता लागेल. डॉयल ब्रन्सन, जो 1976 आणि 1977 असा लागोपाठ दोनदा वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मेन इव्हेंट (मुख्य स्पर्धा) जिंकला, त्याचा खेळ याच विचारावर उभा होता. सारखी बेट लावत राहायचं, छोटे छोटे पॉट न भांडता मिळत जातात, आणि मग कधीतरी मोठ्या पॉटमध्ये थोडं मागे असताना सगळं आत गेलं तरी त्याचा खर्च आधीच्या छोट्या पॉटांनी भरून काढलेला असतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अख्खा खेळच वेगळा दिसायला लागला होता, कारण तोवर मला ड्रॉ म्हणजे वाट बघायची गोष्ट वाटायची.

आता थोडं गणित करू, कारण "अ‍ॅग्रेसिव्ह खेळा" असं नुसतं म्हणणं सोपं आहे आणि त्याने काहीच कळत नाही.

समजा फ्लॉपला पॉट 100 आहे, दोघांकडे 300-300 चिप्स उरल्यात. समोरच्याने 60 ची बेट लावली. पॉट झाला 160. माझ्याकडे साधा फ्लश ड्रॉ आहे. कॉल करायचा तर 60 घालून 220 च्या पॉटसाठी खेळायचं, म्हणजे 27 टक्क्यांच्या वर जिंकायला हवं, आणि पुढच्या पत्त्यावर माझे फक्त 19 टक्के आहेत. म्हणजे कॉल तेव्हाच परवडतो जेव्हा फ्लश लागल्यावर तो मला अजून पैसे देणार असतो. आता हेच मी 300 च्या 300 आत सरकवले तर? त्याने फोल्ड केलं तर 160 माझे. त्याने कॉल केला तर पॉट 700 चा, त्यात माझा वाटा 35 टक्के म्हणजे 245, आणि घातले होते 300, म्हणजे सरासरी 55 चा तोटा. एका बाजूला 160 चा फायदा, दुसऱ्या बाजूला फक्त 55 चा तोटा! बरोबरीत सुटायला त्याने चारातून एकदा फोल्ड केलं तरी झालं, 26 टक्के. त्याने 40 टक्के वेळा सोडलं तर दर वेळी सरासरी 31 चिप्सचा फायदा. आणि हेच हातात काहीच नसताना, शुद्ध ब्लफ म्हणून 300 टाकले असते तर बरोबरीसाठी त्याने 65 टक्के वेळा फोल्ड करायला लागलं असतं. 65 आणि 26. हा जो फरक आहे ना, तो त्या 9 पत्त्यांनी मिळवून दिलेला आहे, ते पत्ते प्रत्यक्षात आले नाहीत तरीसुद्धा.

इथपर्यंत ऐकून लोक खूश होतात आणि प्रत्येक ड्रॉला ऑल-इन जायला (सगळ्या चिप्स टाकायला) लागतात. आणि इथेच माझं म्हणणं सुरू होतं.

वरच्या हिशोबात दोन आकडे मी गृहीत धरले, 35 टक्के आणि 40 टक्के, आणि हे दोन्ही आकडे समोरच्याच्या पत्त्यांवर अवलंबून आहेत. तो फक्त सेट (एकाच किमतीचे तीन पत्ते) घेऊन कॉल करणारा असेल तर माझे 35 टक्के राहत नाहीत, सेटला बोर्डवर जोडी पडून फुल हाऊस (तीन पत्ते एका किमतीचे, दोन दुसऱ्या, फ्लशहून मोठा हात) लागू शकतो म्हणून माझे साधारण 25 उरतात, मग कॉल आल्यावरचा तोटा 55 वरून 125 वर जातो आणि मला 44 टक्के फोल्ड लागतात. पण जो माणूस फक्त सेटनेच कॉल करतो तो 44 पेक्षा कितीतरी जास्त वेळा फोल्डच करणार, कारण सेट लागतो कितीदा? उलट जो नुसत्या पेअरवर कॉल करतो त्याच्याविरुद्ध माझे पत्त्यांचे टक्के चांगले पण तो सोडतच नाही. म्हणजे हे दोन्ही आकडे एकमेकांना बांधलेले आहेत, एक वर गेला की दुसरा खाली. म्हणून नुसते आउट्स मोजून रेझ करायचा की नाही हे ठरत नाही, कधीच नाही. ठरतं ते एका प्रश्नावर, मी कुठला हात फोल्ड करून घेतेय? नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. "तो घाबरेल" हे उत्तर होऊ शकत नाही. दश्शीची जोडी, एक्का-राणी, हलक्या किकरवाली (सोबतचा पत्ता छोटा असलेली) टॉप पेअर (बोर्डवरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची जोडी), असं काहीतरी ठोस. नाव घेता येत नसेल तर मी रेझ करत नाही, मग ड्रॉ कितीही देखणा असो.

एक हात सांगते. आमच्या टेबलावर एक जण आहे ज्याला सगळे दादाच म्हणतात, सॉलिड खेळणारा, उगाच पॉटमध्ये येत नाही आणि मार खायला तर अजिबात थांबत नाही. तो बटणावर (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणारी जागा), मी बिग ब्लाइंडला (पत्ते बघायच्या आधीच ठरलेली बेट लावावी लागते ती जागा). ब्लाइंडच्या मापात सांगते म्हणजे सोपं जाईल, दोघांकडे चाळीस-चाळीस बिग ब्लाइंड. त्याने 3 चा रेझ केला, मी इस्पिकची नव्वी-अठ्ठी घेऊन कॉल केला. पॉट साडेसहा (स्मॉल ब्लाइंडचा अर्धा धरून). फ्लॉप आला इस्पिकचा गुलाम, चौकटची सत्ती, इस्पिकची दुर्री. म्हणजे मला फ्लश ड्रॉ आणि वर दश्शी आली तर स्ट्रेट, 9 अधिक 3, बारा आउट्स, साधारण 45 टक्के. मी चेक (बेट न लावता पाळी पुढे दिली), त्याने 3 ची बेट लावली.

आता नावं घेऊ. दादा बटणावरून जे जे रेझ करतो त्यात या फ्लॉपवर गुलाम नसलेलं किती आहे? एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी, मग छक्क्या, अठ्ठ्या, नव्व्या, दश्श्यांच्या जोड्या, अशा कितीतरी गोष्टी. आणि हे सगळे हात 3 ची बेट लावतात पण मोठा रेझ आला की यांना त्रास होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माझ्याकडे नव्वी हाय (काहीच लागलेलं नाही, मोठा पत्ता नव्वी) आहे, हे जे जे हात सोडतील ते सगळे आत्ता या क्षणी माझ्या पुढे आहेत! एक्का-राजा फोल्ड झाला तरी तो माझ्यासाठी विजयच. मी 11 चा चेक-रेझ (आधी चेक, मग त्याच्या बेटवर रेझ) केला. तेव्हा मनात हेही ठरलेलं होतं की तो ऑल-इन गेला तर मला अजून 26 घालून एकूण साडेऐंशीच्या पॉटसाठी खेळायचंय, म्हणजे 32 टक्के लागतील, तेवढे आहेत, कॉल करायचा, तिथे विचार करत बसायचं नाही.

दादाने पत्ते परत एकदा उचलून बघितले. मग चिप्सच्या चळतीवर बोट ठेवून नुसताच बसला, बोर्डकडे बघत. गुलाम असता तर त्याने पत्ते परत बघितले नसते असं मला तेव्हाही वाटलं. शेवटी त्याने दोन्ही पत्ते उघडे करून पुढे सरकवले, बदामची दश्शी आणि किलवरची दश्शी.

"गुलाम होता का गं?"

"दादा, सांगितलं तर पुढच्या वेळी कशाला फोल्ड करशील."

तो हसला. पण त्या दोन दश्श्या बघून मला जे वाटलं ते सांगते. मी ज्या दश्शीची वाट बघणार होते त्यातल्या दोन त्याच्याच हातात होत्या, म्हणजे माझे मोजलेले 12 आउट्स खरे 10 च होते आणि पत्ते उघडे टाकून शेवटपर्यंत खेळलो असतो तर जवळजवळ 60 टक्के वेळा दादा जिंकला असता. मी नुसता कॉल केला असता तर हा पॉट बहुतेक वेळा त्याचाच होता. आउट्सचा हिशोब थोडा चुकला तरी चाललं, कारण पॉट आउट्सनी जिंकलाच नाही, मी ज्याचं नाव घेतलं होतं तो हात सोडला गेला म्हणून जिंकला.

आता याच फ्लॉपवर माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची पंजी असती तर? लोकांना वाटतं की सगळ्यात मोठा फ्लश ड्रॉ, मग तर मारायलाच हवा. मला उलट वाटतं. एक्का हाय कधीकधी तशीच, काही न लागता, शोडाउनला (शेवटी पत्ते उघडल्यावर) जिंकते, राजा-राणी फोल्ड करून घेण्यात मला काय मिळालं, तो तर मागेच होता. शिवाय मला फ्लश लागला आणि समोरच्यालाही राजाचा किंवा राणीचा छोटा फ्लश लागला तर त्याचा अख्खा स्टॅक (उरलेल्या सगळ्या चिप्स) माझ्याकडे येतो, आणि मी आधीच रेझ मारून त्याला हाकलून दिलं तर ती संधीच गेली. म्हणून नट ड्रॉ (लागला तर सगळ्यात मोठा हात होणारा) मी बरेचदा कॉल करते, आणि खालचे, ज्यांना शोडाउनला काही किंमत नाही, ज्यांना फ्लश लागूनही मोठ्या फ्लशकडून मार खायची भीती असते, तेच जास्त वेळा रेझ करते. त्यांना पॉट लवकर संपलेला परवडतो. हे नेहमीच असं असतं असं नाही, नट ड्रॉनेसुद्धा मधूनमधून रेझ करायला हवा नाहीतर तुमच्या कॉलमध्ये काय आहे ते समोरचा वाचायला लागतो, पण कल मात्र असा.

आणि एक मजबूत प्रकार आहे ज्यात फार डोकं लावायची गरज नसते, फ्लश ड्रॉ आणि दोन्ही बाजूंनी उघडा स्ट्रेट ड्रॉ एकत्र, 15 आउट्स, 54 टक्के. समोर टॉप पेअर असली तरी तुम्हीच पुढे. तिथे आत टाका, फोल्ड झाला तर छान, कॉल आला तरी छान.

स्टॅक किती आहे हे मात्र प्रत्येक वेळी बघायचं, आणि मला वाटतं ड्रॉच्या बाबतीत पत्त्यांइतकंच हे महत्त्वाचं आहे. समोरच्याकडे फ्लॉपला 80 चिप्स होत्या आणि त्यातल्या 60 त्याने लावल्या, तर उरलेल्या 20 साठी तो फोल्ड करणार नाही, जगात कुणीच करणार नाही, मग तुमचा रेझ हा सेमी-ब्लफ राहतच नाही, फक्त महागडा कॉल होतो. दुसऱ्या टोकाला, दोघांकडे पॉटच्या पंधरापट चिप्स आहेत, तुम्ही 60 ला 200 केले आणि त्याने 600 केले. आता हातात 12 आउट्सचा सुंदर ड्रॉ आहे आणि तो एकतर फेकायचा नाहीतर प्रचंड पैसे घालून एक पत्ता बघायचा. एवढा चांगला हात टर्नसुद्धा न बघता सोडावा लागणं, यासारखी वाईट गोष्ट नाही. म्हणून ड्रॉ मारायचा तर शेवटचा शब्द आपला असावा, म्हणजे अशा स्टॅकला की आपला रेझ किंवा त्यानंतरचा ऑल-इन हा शेवटचा निर्णय समोरच्यावर टाकतो. दादाच्या हातात चाळीस ब्लाइंड होते ते यासाठीच सांगितले. त्याच हाताला दोनशे ब्लाइंड असते तर मी कदाचित कॉलच केला असता.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. खोल स्टॅकला रेझ करायला गटशॉट चांगला, विशेषतः सोबत बोर्डपेक्षा मोठे दोन पत्ते असतील किंवा मागच्या दाराने (टर्न आणि रिव्हर दोन्ही जुळले तर) फ्लशची थोडी आशा असेल तर. कारण समोरून परत रेझ आला की तो फेकायला काहीच दुःख होत नाही, 4 आउट्स तर होते. आणि न सोडता नुसता कॉल झाला, टर्नला मधला पत्ता पडला, तर कुणाच्या स्वप्नातही येत नाही की तुमच्याकडे स्ट्रेट आहे. म्हणजे अगदी कमजोर ड्रॉ आणि अगदी तगडे ड्रॉ मारायचे, मधले बरेचसे कॉल करायचे.

पोझिशन मागची असेल, म्हणजे तुम्ही शेवटी बोलणार असाल, तर आणखी एक फायदा होतो. फ्लॉपला तुम्ही बेट लावली किंवा रेझ केला की टर्नला समोरचा सहसा चेक करतो, मग तुम्हीही चेक करून रिव्हर फुकटात बघू शकता. लिमिट पोकरमध्ये (जिथे बेटचा आकडा ठरलेला असतो) हे फार जुनं अस्त्र आहे कारण तिथे टर्नपासून बेट दुप्पट होते, फ्लॉपवर स्वस्तात एक रेझ मारून टर्नची महाग बेट वाचवायची. नो-लिमिटमध्ये (हवी तेवढी बेट लावता येते तिथे) तितकं साफ होत नाही पण विचार तोच.

पॉटमध्ये चार जण असतील तर विसरा. प्रत्येक जण निम्म्या वेळा सोडेल असं धरलं तरी तिघंही सोडण्याची शक्यता साडेबारा टक्के, आणि खरं तर चौघांत कुणाकडे तरी काहीतरी असतंच. तिथे नट ड्रॉ असेल तर स्वस्तात बघा, छोटा फ्लश ड्रॉ असेल तर त्याचाही मोह नको. आणि ज्याला कॉल करायची सवयच आहे, जो प्रत्येक वेळी "बघू तरी" म्हणून चिप्स टाकतो, त्याच्यावर सेमी-ब्लफ करणं म्हणजे बंद दुकानाची कडी वाजवत बसणं. त्याच्याकडून पैसे हात लागल्यावर घ्यायचे, आणि तो देतो, भरभरून देतो.

टर्नचं काय? फ्लॉपचा रेझ कॉल झाला आणि पत्ता लागला नाही, इथे भल्याभल्यांची गडबड होते. 35 टक्के आता 20 वर आलेत, एकच पत्ता उरलाय. पण पॉट मोठा झालाय आणि जिंकण्यासारखंही जास्त आहे. समजा पॉट 300 आणि माझ्याकडे 300 च उरलेत, सगळे टाकले. तो सोडला तर 300 मिळाले, कॉल केला तर 900 तला माझा वाटा 176, म्हणजे 124 चा तोटा, बरोबरीला 29 टक्के फोल्ड लागतात. शुद्ध ब्लफला 50 लागले असते. म्हणजे टर्नलासुद्धा ड्रॉ मदत करतोच, पण प्रश्न परत तोच, कुणाचं नाव? फ्लॉपवर चेक-रेझला ज्याने कॉल केला त्याच्या हातात आता एक्का-राजा फारसा उरलेला नाही, ते हात आधीच गळाले. आता गुलामाची जोडी फोल्ड करून घ्यायचीय, ते जास्त कठीण. म्हणून मी टर्नचा पत्ता बघते. नव्वी-अठ्ठीच्या त्या हातात टर्नला छक्की आली असती तर खालून पंजी आणि वरून दश्शी दोन्ही चालल्या असत्या, आउट्स 15 झाले असते, एका पत्त्यावर 33 टक्के, तिथे परत मारलंच असतं. राजा किंवा एक्का आला असता तर थांबले असते, कारण तो पत्ता बटणावरून रेझ करणाऱ्याच्या बाजूचा आहे, माझ्या गोष्टीत बसत नाही. बिग ब्लाइंडमधून कॉल करून आलेल्या माणसाकडे नव्वी-अठ्ठी-सत्ती अशा बोर्डवर काहीही असू शकतं, एक्का-राजा-तिर्रीवर मात्र त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवू पण नये.

2017 मध्ये लिब्रॅटस नावाच्या प्रोग्रॅमने हेड्स-अप (एकास एक) नो-लिमिटमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना 1,20,000 हातांत हरवलं, 2019 मध्ये प्लुरिबस सहा जणांच्या टेबलवर जिंकला, आणि आता तर सॉल्व्हर (सगळ्यात चांगला डाव हिशोबाने काढून देणारे प्रोग्रॅम) घरबसल्या चालवता येतात. त्यांच्या खेळाकडे बघून मला खूप समाधान वाटतं, कारण तिथेही ब्लफ करायला निवडलेले हात बहुतेक ड्रॉच असतात. कारणही साफ आहे. रिव्हरला पॉटएवढी बेट लावायची तर दोन खऱ्या हातांमागे एक ब्लफ एवढंच प्रमाण परवडतं, पण फ्लॉपला त्याहून कितीतरी जास्त ब्लफ ठेवता येतात, कारण त्यातले काही ब्लफ वाटेत खरे होतात. जो फक्त लागलेल्या हातांनीच रेझ करतो त्याच्याविरुद्ध खेळणं फार सोपं असतं, रेझ आला की सोडून द्यायचं. तुमच्या रेझमध्ये ड्रॉ असले की मग तुमच्या सेटलासुद्धा कॉल मिळायला लागतो. दादाने पुढे कधीतरी दश्श्या घेऊन मला कॉल केला आणि माझ्याकडे सेट असला तर त्या पॉटचं बीज त्या फोल्डमध्येच आहे.

सॉल्व्हरने मला शिकवलेली सगळ्यात नवी गोष्ट रिव्हरची. फ्लश ड्रॉ चुकला, हातात नव्वी हाय, आता शेवटची मोठी बेट लावायची का? सहज वाटतं की हो, दुसरा जिंकायचा मार्गच नाही. पण माझ्याकडे दोन इस्पिक आहेत म्हणजे समोरच्याकडे चुकलेला इस्पिकचा ड्रॉ असण्याची शक्यता तेवढीच कमी झाली, आणि रिव्हरला मुकाट्याने फोल्ड करणारे हात कुठले असतात तर नेमके तेच, चुकलेले फ्लश ड्रॉ. मी माझ्याच हाताने त्याचे फोल्ड अडवून बसलेय. म्हणून चुकलेल्या फ्लश ड्रॉपेक्षा चुकलेला स्ट्रेट ड्रॉ, ज्यात एकही इस्पिक नाही, तो रिव्हरला ब्लफ करायला बरा. चुकलेला फ्लश मी आता बऱ्याचदा चेक करून सोडून देते, आणि दोन वेळा बेट लावून तिसऱ्या वेळी थांबणं हे दिसायला कितीही भित्रेपणाचं दिसलं तरी त्यात भित्रेपणा नाहीये.

टूर्नामेंटमध्ये अजून एक धागा येतो. बक्षिसाच्या जागा जवळ आल्या की चिप्स दुप्पट झाल्या म्हणून त्यांची किंमत दुप्पट होत नाही, पण सगळ्या गेल्या तर किंमत शून्य होते. म्हणून मधल्या स्टॅकचे लोक तेव्हा चांगले चांगले हात फोल्ड करतात, आणि तुमच्याकडे टेबलवरचा मोठा स्टॅक असेल तर ड्रॉ मारायची हीच वेळ, तो कॉल करून हरला तर बाहेर, तुम्ही हरलात तरी बसलेलेच. पण समोरचा तुमच्याहूनही मोठा असेल तर हेच गणित तुमच्यावर उलटतं, तिथे 35 टक्के घेऊन आत जायला माझा हात धजत नाही, आणि 54 टक्के असले तरी मी आधी उरलेल्या छोट्या स्टॅककडे एक नजर टाकते, की त्यातलं कुणी पुढच्या दोन-तीन हातांत ब्लाइंडमध्येच संपतंय का. संपत असेल तर चेक करते आणि टर्न फुकट मिळतो का ते बघते.